दारावरचा दिवा
(चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाच्या दिवशी मंडळात केलेले भाषण)



हळदीकुंकू झाले, आंब्याची डाळ झाली, पन्हेही झाले. आता चिटणीसबाईंच्या आज्ञेवरून मी आपला घटकाभर वेळ घेणार आहे. दरवर्षी या दिवशी कोणी व्रतांची माहिती सांगते, कोणी साठवणीच्या पदार्थांची. माझा विषय ऐकून काही जणी एकमेकींकडे पाहून हसल्या, ते मी पाहिले आहे. विषय आहे दारावरचा विजेचा दिवा. तो कसा बदलावा, त्याच्या वायरी कशा असाव्यात, कोठवर आपण हात घालावा आणि कोठून पुढे घालू नये, एवढेच मी सांगणार आहे. "हा काय बायकांचा विषय?" असे कोणी म्हणेल. माझे म्हणणे असे, की हा बायकांचाच विषय आहे, आणि पावसाळ्यापूर्वीच तो बोलून घेतला पाहिजे.

घरातला दिवा गेला तर त्याच संध्याकाळी बदलला जातो, कारण स्वयंपाक अडतो, मुलांचा अभ्यास अडतो. दारावरचा दिवा गेला तर कोणाचे काही अडत नाही असे सगळ्यांना वाटते. "रविवारी बघू" असे घरधनी म्हणतात, आणि तो रविवार एकदम दिवाळीच्या आदल्या दिवशी उगवतो! पण त्या दिव्याखालून ये-जा कोणाची असते, याचा विचार करा. क्लासहून उशिरा परतणारी मुलगी, रात्रपाळीची परिचारिका, देवळातून येणाऱ्या आजी आणि पहाटे नळाला पाणी आले म्हणून उठणाऱ्या आपण. पायरी दिसली नाही तर खुबा मोडतो तो आजींचा. पावसाळ्यात पायरीच्या कोपऱ्यात जनावर बसलेले असेल, तर पाय पडतो तो आपला. दिवेलागणीला तुळशीपुढे निरांजन लावायला आपण विसरत नाही, आणि त्याच अंगणातला विजेचा दिवा मात्र सहा-सहा महिने मेलेला ठेवतो, याला काय म्हणावे?

याची दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. दिवा लागतो आहे, पण त्याची वायर सोललेली आहे, होल्डर तडकलेला आहे, आत पाणी शिरते आहे, असा दिवा नसलेल्या दिव्याहून वाईट. पावसाळा लागला की वर्तमानपत्रात बातम्या येऊ लागतात. ओल्या पत्र्याला हात लागला, कपडे वाळत घालण्याच्या तारेत वीज उतरली, बाई जागच्या जागी गेली, आणि तिला ओढायला धावलेला मुलगाही गेला. छापताना 'दुर्दैवी घटना' असे छापतात. त्यात दैवापेक्षा सोललेल्या वायरीचा भाग मोठा असतो, आणि ती वायर वेळेवर पाहणे आपल्या हातात असते.

आता थोडे शास्त्र. घाबरू नका. माझे शिक्षण सातवी इयत्तेपर्यंतचे आहे. मला जे समजले ते आपल्याला न समजण्याचे काही कारण नाही.

आपल्या घरात येणारी वीज २३० व्होल्टची असते. दिव्यापाशी ती एका वायरीने येते आणि दुसरीने परत जाते. येणारीला फेज म्हणतात. आपल्याकडच्या वायरिंगमध्ये ती बहुधा लाल असते. परत जाणारी न्यूट्रल, ती काळी. तिसरी हिरवी असते, तिचे नाव अर्थ. ती एरवी काहीच वाहून नेत नाही, चौकीदारासारखी उभी असते. दिव्याच्या लोखंडी अंगात चुकून वीज उतरली, तर ती वीज जमिनीत पोचवणे हे तिचे काम. नव्या दिव्याच्या आपल्या वायरी कधी तपकिरी, निळी आणि हिरवी-पिवळी अशा असतात. तेव्हा तपकिरी ती फेज, निळी ती न्यूट्रल, हिरवी-पिवळी ती अर्थ. मात्र भिंतीतल्या जुन्या वायरिंगच्या रंगावर भरवसा ठेवू नये. ज्याने ज्या वेळी जी वायर हाताशी होती ती ओढली, असेही घडलेले असते.

बटण नेहमी फेजच्या वायरीवर असले पाहिजे. कित्येक घरांत ते न्यूट्रलवर बसवलेले आढळते. अशा घरी बटण बंद केले की दिवा विझतो खरा, पण होल्डरपर्यंत वीज उभीच असते. म्हणून "मी बटण बंद केले होते" एवढ्यावर विसंबून कोणी होल्डरला हात लावू नये. याची एक खूण सांगते. बटण बंद केल्यावरही रात्री एलईडी दिवा मिणमिणत राहिला, तर ते बटण वायरमनकडून तपासून घ्यावे. कधी बटणातल्या छोट्या लाल दिव्यामुळेही असे होते, पण कधी बटण न्यूट्रलवर असल्यामुळे होते, आणि ते आपल्याला बाहेरून कळत नाही.

बाहेरच्या दिव्याचा धोका घरातल्यापेक्षा अधिक का? पाण्यामुळे. कोरड्या कातडीतून वीज सहजी शिरत नाही. ओल्या अंगाचा अडथळा फार कमी होतो. तो साधारण १००० ओहम धरला, तर २३० व्होल्टला अंगातून २३० मिलिअँपियर प्रवाह जाईल. आणि ३० मिलिअँपियरच्या पुढचा प्रवाह काही क्षण छातीतून गेला, तरी हृदयाचा ठोका बिघडण्याचा धोका सुरू होतो. ९ वॅटचा एवढासा एलईडी दिवा जळायला ४० मिलिअँपियर किंवा त्याहून थोडा अधिक प्रवाह लागतो. म्हणजे एक लहानसा दिवा जेवढ्यावर पेटतो, तेवढ्यात माणूस विझू शकतो.

"पण आमच्याकडे एमसीबी आहे, ती खाली पडेल" असे पुष्कळ जणी म्हणतील. मैत्रिणींनो, दिव्याच्या लाइनीची एमसीबी बहुधा ६ अँपियरची असते. ६ अँपियर म्हणजे ६००० मिलिअँपियर. अंगातून २३० जात असताना ६००० ची वाट पाहणारी एमसीबी जागची हलणारसुद्धा नाही. ती वायरीला राखते, वायर तापून आग लागू नये म्हणून. माणसाला राखणारे उपकरण वेगळे, त्याचे नाव आरसीसीबी. काही ठिकाणी त्याला ईएलसीबी असेही म्हणतात. त्याचे काम हिशेबी गृहिणीसारखे आहे. फेजने जेवढे बाहेर गेले तेवढे न्यूट्रलने परत आले की नाही, हे ते अखंड मोजत असते. मधल्या मधे ३० मिलिअँपियर जरी कमी आले, तरी ते अर्धा सेकंदही न दवडता वीज तोडते. घरासाठी ३० मिलिअँपियरचेच घ्यावे. त्यावर 'टी' अक्षराचे एक लहान बटण असते. महिन्यातून एकदा ते दाबून पाहावे. वीज तुटली तर उपकरण जिवंत आहे. तुटली नाही तर वायरमनला त्याच दिवशी बोलवावे. ज्या घरी हे उपकरण नाही, त्या घरच्या बाईने या वर्षी आणखी एक भांडे घेण्याऐवजी हे घ्यावे, असे मी आग्रहाने सांगते.

अर्थची वायर आणि हे उपकरण एकमेकांना पूरक आहेत. अर्थ नसली तरी उपकरण वीज तोडील, पण माणसाचा हात लागल्यावर. अर्थ असली म्हणजे लोखंडात वीज उतरताक्षणीच ते तोडील, कोणाचा हात लागायची वाट न पाहता. म्हणून दोन्ही हवीत. घरामागे अर्थिंगचा मीठ-कोळशाचा खड्डा असेल, तर उन्हाळ्यात त्यात अधूनमधून पाणी घालावे. जमीन सुकली की तिची वीज घेण्याची शक्ती कमी होते. नळाच्या पाइपाला अर्थची वायर कोणी गुंडाळून दिली असेल, तर ती आधी काढून घ्यावी.

आता आपले काम कोणते आणि वायरमनचे कोणते? याची रेघ सरकारी नियमांनीच आखलेली आहे. १९५६ सालच्या भारतीय विद्युत नियमांतला ४५ वा नियम असा होता, की दिवा, पंखा, फ्यूज, बटण, फिटिंग जुने काढून त्याच जागी त्याच ताकदीचे नवे लावणे एवढे सोडले, तर वायरिंगचे बाकी सर्व काम परवाना असलेल्या ठेकेदारानेच, जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली केले पाहिजे. पुढे नवे नियम आले, तरी ही रेघ तशीच राहिली. म्हणजे गेलेला बल्ब बदलणे, तडकलेले फिटिंग काढून त्याच ठिकाणी दुसरे लावणे, हे घरच्या माणसाला मोकळे आहे. अंगणात नव्या जागी दिवा नेणे, वायर लांबवणे, नवी लाइन ओढणे हे परवानेवाल्याचे काम. आणि खांबापासून मीटरपर्यंतची वायर वीज कंपनीची. तिला ना आपण हात लावायचा, ना वायरमनने. तिच्याबद्दल १९१२ या क्रमांकावर कळवायचे.

बल्ब बदलण्याची रीत सांगते. काम दिवसाउजेडी, कोरड्या हवेत करावे. पाऊस पडत असताना किंवा भिंत ओली असताना मुळीच करू नये. पायात कोरडी रबरी चप्पल, हात कोरडे, हातातल्या बांगड्या व अंगठी काढून ठेवलेल्या. शिडी लाकडाची किंवा बांबूची, लोखंडाची नको आणि अॅल्युमिनियमचीही नको. शिडी धरायला दुसरी बाई हवीच. एकटीने हे काम करू नये. मग मेन स्विच बंद करावा, आणि त्यावर "काम चालू आहे, मेन लावू नये" अशी चिठ्ठी चिकटवावी. नाहीतर आतून कोणीतरी "लाइट का गेली?" म्हणत येते आणि खटकन लावून मोकळे होते.

ज्यांच्याकडे इन्व्हर्टर आहे त्यांनी नीट ऐकावे. मेन बंद केला की इन्व्हर्टरला वाटते वीज गेली, आणि तो आपण होऊन वीज सोडू लागतो. दारावरचा दिवा बहुधा त्याच्याच लाइनीवर जोडलेला असतो. म्हणून आधी इन्व्हर्टर बंद करावा, मग मेन.

त्यानंतर टेस्टर. दुकानात थोडक्या पैशांत मिळतो. तो प्रत्येक घरी असावा. मेन बंद करण्यापूर्वी तो एका चालू सॉकेटात लावून पाहावा, म्हणजे तो स्वतः ठीक आहे हे कळते. मागच्या टोपीवर बोट टेकल्याशिवाय तो पेटत नाही. उन्हात त्याचा बारीक उजेड दिसत नाही, म्हणून तळहाताची ओंजळ करून पाहावे. लाकडी शिडीवर उभ्या असलात तर तो आणखी मंद लागतो. म्हणून टेस्टरचे 'आहे' खरे मानावे आणि 'नाही' मात्र संशयाने घ्यावे. मुख्य भरवसा बंद केलेल्या मेनवर, टेस्टर हा वरचा साक्षीदार.

फिटिंग बदलायचे असेल, तर ज्यांनी एकदा तरी जाणत्या माणसाजवळ उभे राहून पाहिले आहे त्यांनीच ते करावे. जुन्या वायरी सोडवण्यापूर्वी कोणती कोठे होती याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. वायरीचे टोक बोटाच्या पेरापेक्षा कमी सोलावे, आणि कनेक्टरमध्ये आवळल्यावर बाहेर तांबे दिसता कामा नये. आवळल्यावर हलकेच ओढून पाहावे. सुटली तर पुन्हा आवळावी. फिटिंगवर 'एल' अक्षर असते तेथे फेज, 'एन' तेथे न्यूट्रल, आणि जमिनीच्या खुणेपाशी हिरवी. सांधा नेहमी डब्यात झाकलेला हवा. दोन वायरी पिळून वर चिकटपट्टी गुंडाळली आणि ते पावसात लोंबत ठेवले, हे काम नव्हे. भिंतीतून दोनच वायरी बाहेर आल्या असतील आणि अर्थ नसेल, तर तेथे लोखंडी फिटिंग लावू नये. प्लास्टिकच्या अंगाचे, चौकोनात चौकोन अशी खूण असलेले घ्यावे. त्याला अर्थची गरज नसते.

पाण्याला वाट कशी द्यायची हेही शिकण्यासारखे आहे. वायर फिटिंगमध्ये वरून घालू नये, खालून घालावी. आणि आत शिरण्यापूर्वी तिला झोळीसारखी थोडी खाली सोडावी, म्हणजे वायरीवरून ओघळणारे पाणी त्या झोळीच्या तळाशी ठिबकून जाते, दिव्यात जात नाही. फिटिंग आणि भिंत यांमधली फट वरून व दोन्ही बाजूंनी सिलिकॉनने बुजवावी, खालची मात्र मोकळी ठेवावी. आत चुकून पाणी गेलेच तर त्याला निघायला वाट हवी. काचेखालची रबरी चकती जुनी होऊन कडक झाली असेल तर ती बदलावी. सगळे झाल्यावर शिडी बाजूला घ्यावी, आणि मगच मेन लावावा.

आता वायरमनकडून काम करून घ्यायचे तेव्हा काय? आपल्यापैकी बहुतेक जणी त्याला चहा देतात आणि आत निघून जातात. तसे न करता जवळ उभे राहावे. आमच्याकडे अंगणातल्या पत्र्याखाली नवा दिवा घेतला, तेव्हा मी विचारले, "दादा, हिरवी वायर कुठे आहे?" तो म्हणाला, "ताई, दिव्याला कोण अर्थ देतंय? आम्ही सगळीकडे दोनच वायरी ओढतो." मी म्हटले, "फिटिंग लोखंडी आहे, वर पत्रा आहे, आणि खाली पोरी कपडे वाळत घालतात. तुम्ही तिसरी ओढा, तिचे पैसे वेगळे घ्या." त्याने ओढली, आणि खर्चही फारसा आला नाही. पुढच्या खेपेस शेजारच्या वहिनींकडे तोच दादा आपण होऊन तीन वायरी घेऊन आला. विचारणाऱ्या गिऱ्हाइकामुळे कामाची रीत सुधारते, हे भाजी घेताना आपल्याला ठाऊक असते. वायरमनच्या बाबतीत तेवढे आपण विसरतो.

म्हणून चार प्रश्न पाठ करून ठेवा. पहिला, बटण फेजवर आहे ना? दुसरा, अर्थची वायर फिटिंगपर्यंत आली का? तिसरा, वायर तांब्याची, दीड चौरस मिलिमीटरची आणि पाइपातून नेलेली आहे ना? चौथा, ही लाइन आरसीसीबीच्या मागे आहे ना? या चार प्रश्नांना जो वायरमन न रागावता उत्तर देतो, त्याला पुन्हा बोलवावे.

आता ज्याच्यासाठी मी हा विषय मुद्दाम घेतला तो भाग सांगते, कपडे वाळत घालण्याची तार. आपल्या आळीतल्या एका वहिनींच्या संमतीने हे बोलते आहे. गेल्या पावसाळ्यात गोधडी वाळत घालताना त्यांच्या बोटांना मुंग्या आल्यासारखे झाले. घरात सांगितले तर उत्तर आले, "भास झाला असेल." पण त्यांच्या सासूबाई शहाण्या. त्या म्हणाल्या, "भास असो की काही असो, मेन बंद कर आणि कोणी तारेला हात लावू नका." वायरमन आला तेव्हा उलगडा झाला. दारावरच्या दिव्याची वायर पत्र्याच्या कडेवरून नेलेली होती, आणि वाऱ्याने पत्रा हलून हलून ती एका ठिकाणी सोलली होती. वाळवणाची लोखंडी तार त्याच पत्र्याच्या आकड्याला बांधलेली. त्या दिवशी वहिनींच्या पायात रबरी चप्पल होती आणि अंगण कोरडे होते, म्हणून मुंग्यांवर भागले. गोधडी भिजलेली आणि पाय अनवाणी असते, तर आज त्या आपल्यात डाळ-पन्हे घ्यायला बसलेल्या नसत्या.

यावरून तीन गोष्टी गाठीला बांधा. वाळवणाला लोखंडी तार नको, नायलॉनची दोरी घ्या. ती दोरीही दिव्याच्या ब्रॅकेटला, पत्र्याला, विजेच्या खांबाला किंवा खांबावरून येणाऱ्या वायरीच्या आधाराला बांधू नका. आणि नळ, पत्रा, दार, कूलर, कशालाही हात लावताना मुंग्या आल्या तर तो भास समजू नका. वीज बोलावून सांगते आहे, तेव्हाच ऐका.

नवा दिवा घेताना काय पाहावे, हेही थोडक्यात सांगते. बाहेरच्या दिव्यावर 'आयपी' असे लिहून पुढे दोन आकडे असतात. पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. २० आकड्याचा दिवा घरातला. छपराखाली भिंतीवर असेल तर ४४ चालेल, आणि थेट पावसात असेल तर ६५ घ्यावा. पूर्वीच्या ६० वॅटच्या बल्बाएवढा उजेड आज ९ वॅटच्या एलईडीत मिळतो. रात्रभर, म्हणजे १२ तास, जुना बल्ब लावला तर महिन्याला २१ युनिटांहून अधिक वीज खातो, एलईडी सव्वातीन युनिटांच्या आत राहतो. म्हणून "बिल येईल" या सबबीवर दार अंधारात ठेवण्याचे दिवस आता गेले. उजेड पिवळसर घ्यावा, त्याकडे पांढऱ्या उजेडापेक्षा किडे कमी येतात. दिवा खाली पायरीवर आणि कुलपावर पडेल असा लावावा. समोरच्यांच्या खिडकीत नको, आणि येणाऱ्याच्या डोळ्यांतही नको. जेथे वायर नेणे शक्यच नाही तेथे सौरदिवा लावता येतो. पण पावसाळ्यात चार दिवस ऊन पडले नाही की तो लवकर मिटतो, हे ध्यानात ठेवून लावावा.

शेवटी, नको असलेली वेळ आलीच तर काय करावे? कोणी विजेला चिकटले तर त्याला हात लावू नये. हा नियम आईलाही पाळावा लागतो, आणि आईलाच तो सर्वांत जड जातो. पण धावून मिठी मारली तर एकाचे दोन होतात. आधी मेन बंद करावा. म्हणून घरातल्या शाळेत जाणाऱ्या मुलापर्यंत प्रत्येकाला मेन कोठे आहे ते ठाऊक हवे, आणि त्यापुढे पिंपे व गाठोडी रचलेली नकोत. मेन हाती लागत नसेल तर कोरड्या जागी उभे राहून कोरड्या लाकडी काठीने वायर दूर सारावी. रस्त्यात खांबावरची तार तुटून पडली असेल तर मात्र काठीही नको. दूर राहावे, इतरांना दूर ठेवावे, आणि १९१२ ला कळवावे. माणूस सुटल्यावर श्वास चालत नसेल तर १०८ ला फोन करायला एकाला सांगून दुसऱ्याने त्याच्या छातीच्या मधोमध दोन्ही तळहातांनी जोराने दाबत राहावे, मिनिटाला १०० ते १२० वेळा, गाडी येईपर्यंत न थांबता. हे कसे करतात ते शिकवायला आरोग्यकेंद्रातल्या परिचारिकाताईंना पुढच्या सभेला बोलवावे, अशी मी चिटणीसबाईंना विनंती करते.

भगिनींनो, नुसते भाषण ऐकून घरी जाऊ नये, म्हणून मी मंडळापुढे एक सूचना ठेवते. मृगाला अजून अवकाश आहे. तोवर दोघीदोघींच्या जोड्या कराव्यात आणि प्रत्येक जोडीने आळीतली पाच घरे पाहावीत. दारावरचा दिवा लागतो का? फिटिंग तडकलेले आहे का? वायर पत्र्याला घासते का? वाळवणाची तार कशाला बांधली आहे? एवढेच पाहायचे, हात कशाला लावायचा नाही, आणि वहीत लिहून आणायचे. जेथे वायरमन लागेल ती घरे एकत्र केली, तर एकाच दिवशी एकाच वायरमनला बोलावता येईल. त्याचाही फेरा वाचेल आणि आपलेही पैसे. मंडळाच्या कपाटात एक चांगला टेस्टर आणि आवारात एक लाकडी शिडी असावी, लागेल तिने न्यावी व परत आणून ठेवावी. आणि ज्या घरी एकटी म्हातारी बाई राहते, तिच्या दारावरचा दिवा आपण सर्वांनी मिळून सर्वांत आधी पाहावा. तिला सांगायला कोणी नसते, आणि पडली तर उचलायलाही कोणी नसते.

सूचनेला अनुमोदन द्यायचे असेल तर आजच वहीत नावे लिहावीत. वही पन्ह्याच्या पातेल्याशेजारी ठेवली आहे. एवढे सांगून मी आपली रजा घेते.